सोन्याच्या चमच्याचं वय

या, असं जवळ येऊन बसा. दाराशी घुटमळताय ते कशाला, आत या. मनात जागा असली की बैठकीत होतेच. आज एक गोष्ट सांगायची आहे. तीत एक राजा आहे, तो साफ खोटा. सोनं आहे, ते मात्र खरं. आणि एक भला माणूस आहे, ज्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि त्या दिवशी खरं बोलायला घरातून बंदी होती. अशा माणसाला परमेश्वर कसा खिंडीत गाठतो आणि मग कुणाच्या तोंडून सोडवतो, ते ऐका.

या माणसाला सगळे भिंगराव म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. ते आंघोळीपुरतं उतरत असे, आणि बायकोचं म्हणणं असं की तेही दर वेळी नाही. भिंगराव एका लिलावघरात पारखी होते. वरच्या मजल्यावर खिडकीजवळ त्यांचं टेबल, टेबलावर हिरवं कापड, आणि त्या कापडावर लोकांच्या घरातून निघालेल्या सोन्याच्या बारीकसारीक चिजा: बाहीची बटणं, तपकिरीच्या डब्या, अत्तराच्या कुप्या, घड्याळाला चावी द्यायच्या नखाएवढ्या किल्ल्या. ही वस्तू काय आहे आणि तिचं वय काय, एवढंच भिंगरावांनी सांगायचं. पुढची बोली खालच्या मजल्यावर.

त्यांची रीत साधी होती. लोक वस्तूचं तोंड बघतात, हे पाठ बघत. पुढची बाजू कारागीर मालकासाठी घडवतो, मागची त्याने आपल्यापुरती ठेवलेली असते. तिथे सांधा जोडायला डाख कसा लावला, कड कशी घोटली, मळसूत्र हाताने कापलं की यंत्राने, सगळं उघडं पडलेलं असतं. माणसाच्या मानेवरून जसं वय कळतं, तोंडावर कितीही पावडर असो, तसंच. भिंगराव म्हणत, वस्तू कधी खोटं बोलत नाही, कारण तिला तोंड नसतं. तोंड असतं मालकाला.

हे त्यांचं वाक्य खरं होतं, पण अर्धंच. तोंड भिंगरावांनाही होतं, आणि सगळी रड तिथेच होती. वस्तूचं वय त्यांना पोटात ठेवता येत नसे. एका घरी ते सांत्वनाला गेले होते. गेलेल्या गृहस्थांचा भिंतीवर फोटो, खाली तो काढल्याचं साल. सगळे डोळे पुसताहेत, आणि भिंगराव फोटोकडे एकटक बघताहेत. घरच्यांना वाटलं, माणूस फार हळवा. भिंगराव हळूच म्हणाले की गळपट्टीतली ही पिन या सालानंतर किमान दहा वर्षांनी निघाली, तेव्हा सालात तरी चूक आहे किंवा गृहस्थांत तरी. त्यानंतर त्यांची बायको त्यांना सांत्वनाला नेत नसे, फार तर दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन दोघांचं मिळून रडून येई.

पण खरा घोटाळा झाला तो लेकीच्या लग्नात. व्याह्यांनी टायला सोन्याची चिमटी लावली होती आणि आल्यागेल्याला सांगत होते की ही पणजोबांची. व्याही स्वभावाने मोठा गरीब माणूस, वर्षातून असं एखादंच वाक्य बोलणारा. त्याने तेही बोलून दाखवलं ते भिंगरावांपुढे. भिंगराव वाकले, चिमटीची पाठ बघितली, आणि आनंदाने सांगून मोकळे झाले की पणजोबांच्या काळी टायला लांब टाचणी खोचत, स्प्रिंगची चिमटी पुढे कधीतरी आली, आणि ही तर तुमच्या माझ्या वयाचीसुद्धा नाही. आजूबाजूला पन्नास माणसं. व्याह्यांनी चिमटी काढून खिशात टाकली आणि बाकीचं लग्न टाय वाऱ्यावर सोडून पार पाडलं.

व्याही विसरले. विहीणबाई विसरल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या फार सभ्य होत्या. त्यांची सभ्यता अशी की समोरच्याला शाल पांघरावीशी वाटे. तेव्हापासून निरोप यायचे ते हवापाण्याचे. लेक माहेरी आली ती उभ्या उभ्या. बाळंतपणसुद्धा तिकडेच झालं. नातीला आजीआजोबांनी पाहिलं ते दवाखान्यात, भेटीच्या वेळेत, इतर पाहुण्यांच्या खांद्यावरून.

आता नात दात यायच्या वयाची झाली होती, तिला पहिला घास भरवायचा म्हणून विहीणबाईंनी मोजक्या माणसांना बोलावलं, आणि त्यात या दोघांना बोलावलं. बायकोने या बोलावण्याचा अर्थ बरोबर लावला. दार किलकिलं झालंय. आज सगळं सुरळीत पार पडलं, तर जाताना हात जोडून विचारायचं, लेकीला नि बाळाला महिनाभर आमच्याकडे पाठवता का. तिने आतली खोली झाडून ठेवली होती, पडदे धुतले होते, शेजारणीकडून पाळणा आणून त्याची करकर तेल घालून बंद केली होती. त्या रिकाम्या पाळण्याला ती येताजाता झोका देत असे. भिंगराव ते बघत आणि काही बोलत नसत. म्हणजे पाळणा किती जुना आहे एवढं त्यांनी सांगितलं होतं, पण ते धरू नका.

निघताना बायकोने त्यांच्या गळ्यातलं भिंग काढून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. बसमध्ये तिने पुन्हा पढवलं. तिथे घड्याळ दिसेल, बांगडी दिसेल, डबी दिसेल. तुम्हाला काहीही दिसणार नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, छान आहे. भिंगरावांनी विचारलं की कुणी वयच विचारलं तर. बायको म्हणाली, "मग म्हणा, देवाची कृपा. ते कुठल्याही वयाला चालतं."

लेकीने दारातच त्यांचा हात धरला. बाळ कडेवर होतं. वाकून बापाच्या कानाशी ती एवढंच बोलली, "बाबा, आज तोंड फक्त जेवायला उघडा हं. मला खरंच यायचंय घरी." तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. भिंगरावांनी मान डोलावली. बाळाने त्यांच्या गळ्याशी भिंगाची दोरी शोधली, सापडली नाही तेव्हा सदऱ्याचं बटण धरलं, आणि त्या क्षणी त्या माणसाने मनातल्या मनात देवाला शब्द दिला की आज जीभ गहाण.

बैठकीत दहा-बारा माणसं होती. कोपऱ्यात आरामखुर्चीत व्याह्यांची आई, सगळे त्यांना थोरल्या आई म्हणत. वय झालेलं, हनुवटी छातीवर टेकलेली, डोळे मिटलेले. घरच्यांचा समज असा की त्या दिवसाचा बराच भाग झोपेत असतात. भिंगरावांना खुर्चीवर बसवण्यात आलं, शेजारी बायको, तिचा पाय त्यांच्या पायाला लागेल अशा बेताने. पाणी आलं. पाण्याचा पेला छान आहे असं भिंगराव म्हणाले. खुर्ची छान आहे. पंखासुद्धा छान आहे. व्याही कौतुकाने बघू लागले.

मग विहीणबाई आतून एक मखमली पेटी घेऊन आल्या. पेटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. आत पांढऱ्या रेशमावर सोन्याचा एक चमचा. चमचा कसला, बोटभर लांबीची नळीसारखी दांडी, दांडीच्या मध्यावर नाजूक कडी, आणि टोकाला करंगळीच्या अर्ध्या नखाएवढी वाटी. तीत मावतील तर दोन शितं. या घराण्यातल्या प्रत्येक मुलाचा पहिला घास याच चमच्याने झाला होता, आणि पहिल्याच घासाला एवढी उपासमार झाल्यामुळे की काय, पुढे सगळे खाणारे निघाले होते.

विहीणबाईंनी चमच्याची कथा सांगितली. त्यांना ती पाठ होती आणि त्या ती उभं राहूनच सांगत. साडेतीनशे वर्षांमागे घराण्याच्या मूळ पुरुषाने एका राजाचा मुलगा नदीत बुडताना वाचवला. राजा म्हणाला, माग, काय हवं ते माग. मूळ पुरुष म्हणाला, महाराज, जमीन नको, हत्ती नको; राजपुत्राचा पहिला घास ज्या चमच्याने झाला, तेवढा द्या. असं हे निर्लोभी घराणं. ऐकताना पाहुण्यांचे डोळे भरून आले. भिंगराव मात्र पेटीकडे बघत होते आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत चालल्या होत्या. बायकोने तो रंग ओळखला. तिने पाय दाबला.

चूक खरं तर विहीणबाईंचीच, पण ती चांगुलपणाची चूक होती. त्यांच्या मनात समेट होता. चिमटीच्या वेळी ज्या माणसाने कमीपणा आणला, त्याच माणसाच्या तोंडून आज घराण्याच्या खऱ्या वस्तूचा मान व्हावा, म्हणजे फिटंफाट होईल, असा त्यांचा हिशोब. त्यांनी पेटी भिंगरावांपुढे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुम्ही यातले जाणकार. हातात घेऊन बघा, आणि सांगा बरं, केवढा जुना आहे आमचा चमचा."

भिंगराव म्हणाले, "देवाची कृपा."

विहीणबाई हसल्या. ती तर आहेच, पण वर्षं किती, असं त्यांनी विचारलं. भिंगराव म्हणाले की छान आहे. कुणीतरी म्हणालं, अहो, हातात तर घ्या. विहीणबाईंनी चमचा स्वतः उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. आता श्रोतेहो, बघा कसं असतं. त्या माणसाने जीभ बांधून ठेवली होती. डोळ्यांनाही त्याने दटावलं होतं. पण अंगठ्याला कुणी बजावलं नव्हतं. आयुष्यभर त्या अंगठ्याखालून असल्या वस्तू गेलेल्या, आणि दांडीवर सरकणारी कडी दिसली की तो तिच्या पाठीशी आपसूक जायचा. कडी वर्षानुवर्षांच्या दुधाने, भाताने चिकटून बसली होती, म्हणून घरात कुणाला ती नुसती नक्षी वाटे. अंगठ्याने तिला हलकेच ढकललं. टिक असा आवाज झाला, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकातून सोन्याची एक बारीक, टोकदार काडी बाहेर आली.

साडेतीनशे वर्षांत चमच्याने असं कधी केलं नव्हतं.

जावई समजूतदार. तो पटकन म्हणाला की अरे वा, म्हणजे एका बाजूला चमचा आणि एका बाजूला काटा, घास टोचायला, नाही का बाबा. हा अगदी राजमार्ग होता. भिंगरावांनी एक "हो" म्हणायचा अवकाश, आणि महिनाभर पाळणा हलणार होता. बायको डोळ्यांनी विनवत होती. लेकीने बाळाला घट्ट धरलं होतं. भिंगरावांनी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

"कानकोरणं," ते म्हणाले.

आणि एकदा बांध फुटल्यावर पाणी कुठे थांबतं. ते सांगत गेले, अगदी मान खाली घालून, पण सांगत गेले. एका टोकाला कानकोरणं, दुसऱ्या टोकाला दातकोरणं, मध्ये कडी, दोन्ही नळीत सरकतात. जुने लोक कोटाच्या खिशात बाळगत. नळीवरच्या या रेषा यंत्राने पाडलेल्या, सगळ्या सारख्या खोल. हाताची रेष सुरुवातीला खोल जाते आणि शेवटी विरते. वय शंभर, फार तर सव्वाशे. राजा यात कुठे बसत नाही. हे शेवटचं वाक्य आवश्यक नव्हतं, पण आलं.

खोलीतल्या ज्यांचा ज्यांचा पहिला घास त्या चमच्याने झाला होता, त्यांनी नकळत ओठ पुसले. व्याही उठले आणि चूळ भरून आले. सत्तर वर्षं उशीर झाला होता, पण मनाचं समाधान. जावयाने कानाला हात लावला आणि चटकन काढून घेतला.

विहीणबाई रागावल्या असत्या तर भिंगरावांना सोसलं असतं. त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच त्यांचा पदर सावरायचा राहिला. या घरात सून म्हणून आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना हा चमचा लांबून दाखवला होता आणि म्हटलं होतं, याला हात लावायची योग्यता यायला वर्षं लागतील. त्या तशा साध्या घरातल्या. त्यांनी वर्षं घातली. चमचा पुसायचा मान मिळाला त्या दिवशी त्या एकट्याच न्हाणीघरात जाऊन रडल्या होत्या. हे त्या कुणाला सांगत नव्हत्या, पेटीलाच सांगत होत्या. शेवटी इतकंच म्हणाल्या, "म्हणजे मी आयुष्यभर कुणाचं तरी कानकोरणं मखमलीत जपत बसले."

इतकी वर्षं वस्तूचं वय सांगून भिंगराव ती खाली बोलीला पाठवत आले होते; वय सांगितल्यावर वस्तूच्या मालकिणीचा चेहरा असा होतो, हे टेबलावर कधी दिसलं नव्हतं. लेक भिंतीकडे तोंड करून बाळाला थोपटत होती. बाळ झोपलेलं नव्हतं, थोपटायची गरज लेकीलाच होती. आणि तेव्हा त्यांच्या बायकोने पर्सची चेन उघडली, भिंग काढलं आणि नवऱ्याच्या हातावर ठेवलं. "घ्या," ती म्हणाली. "बुडालोच आहोत तर तळ तरी बघा."

भिंगरावांनी भिंग डोळ्याला लावलं ते खरं म्हणजे चेहरा लपवायला. पण डोळा डोळ्याचं काम करतो. त्यांनी वाटी उलटी केली, पाठ बघितली, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा बघितलं. उठून खिडकीशी गेले. तिथून ते बोलू लागले तेव्हा आवाज वेगळा होता. टेबलापाशी एकटे असताना पुटपुटत तसा.

हे बरोबर नाही, ते म्हणाले. कानकोरण्याची वाटी अरुंद असते, खोलगट असते. ही पसरट आहे. मुळात ती तशी नव्हती, कुणीतरी ठोकून पसरवली. सोनाराने नाही ठोकली. सोनार खाली आधार धरतो, घाव मोजून घालतो. हे घाव वेडेवाकडे आहेत, कशाने तरी जड, बोथट वस्तूने घातलेले. एका कडेला सोनं चिरलंय. पण पुढे बघा, ती चीर कुणीतरी दगडावर घासून घासून गुळगुळीत केलीय, म्हणजे टोचू नये. कानकोरणं म्हणून वापरल्याचे जुने ओरखडे घावांच्या खाली दबलेत. घावांच्या वर एकही ओरखडा नाही. वर फक्त कापडाने पुसल्याची झिलई आहे, वर्षानुवर्षांची. म्हणजे एका दिवशी कुणीतरी हे ठोकलं, आणि त्या दिवसानंतर हे पुन्हा कधी कानात गेलं नाही.

"आणि घाई होती," भिंगराव म्हणाले. "ज्याने ठोकलं त्याचा हात थरथरत होता."

"थरथरेल नाही तर काय करेल," आरामखुर्चीतून आवाज आला. "बत्ता केवढा जड."

सगळ्या माना वळल्या. थोरल्या आईंनी डोळे उघडले होते, आणि ते झोपेतून उघडल्यासारखे मुळीच दिसत नव्हते. त्यांनी हात पुढे केला. भिंगरावांनी कानकोरणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी काडी बोटाने आत ढकलली, सराइतासारखी, आणि वाटीवरून अंगठा फिरवला.

मग त्यांनी सांगितलं. त्या विशीतल्या होत्या आणि हा, म्हणत त्यांनी व्याह्यांकडे बोट केलं, हा आठव्या महिन्यातच आला. ओंजळीत मावेल एवढा. त्याला अंगावर ओढता येईना. वाटीने पाजायला जावं तर गुदमरायचा. घरातला सगळ्यात लहान चमचा त्याच्या तोंडापुढे होडीच्या वल्ह्यासारखा दिसायचा. डॉक्टर सांगून गेले की थेंब थेंब पोटात गेलं तर जगेल. थेंब घालायचा कशाने, ते सांगितलं नाही. त्यांच्या सासऱ्यांचं कानकोरणं फळीवर असायचं. सासरे रोज भजनाला बसण्याआधी कान कोरायचे. देवाचं नाव मळातून आत जाऊ नये म्हणायचे. त्यांनी ते उचललं, उकळत्या पाण्यात घातलं, पुन्हा घातलं, तिसऱ्यांदा घातलं. पण वाटी इतकी अरुंद की थेंब ठरेना. तेव्हा त्यांनी बत्ता घेतला आणि उंबऱ्यावर बसून सासऱ्यांचं सोनं ठोकलं. कड चिरली तशी पायरीवर घासली. टोचतंय का ते आपल्या जिभेवर लावून पाहिलं. रक्त आलं की पुन्हा घासलं.

"एकेक थेंब," थोरल्या आई म्हणाल्या. "थेंबाला एक नाव देवाचं. नावं संपायची भीती वाटायची, थेंब संपायची नाही."

सासरे घरभर कानकोरणं शोधत हिंडले, हे सांगताना मात्र त्यांना हसू आलं. गडीमाणसांवर संशय घेऊन झाला. मग सुनेला विचारायला खोलीच्या दाराशी आले आणि तिथेच उभे राहिले. मांडीवर मूल, हातात त्यांचं सोनं, चेपलेलं. आल्या पावली परत गेले. पुढे जन्मभर त्यांनी काडेपेटीच्या काडीवर भागवलं, आणि भजनात शेवटपर्यंत एक कान पुढे करून बसायचे.

राजाचं काय, असं कुणीतरी विचारलं. राजा थोरल्या आईंच्या नवऱ्याने आणला. पाहुणे विचारायचे, हा चमचा कुठला. त्याला कानकोरणं म्हणायची लाज वाटली. पहिल्या वर्षी त्याने एक जहागीरदार सांगितला. मग जहागीरदाराचा राजा झाला, शंभराची साडेतीनशे वर्षं झाली, मग नदी आली. मग इतक्या वर्षांत तुम्ही कधी बोलला कशा नाहीत, असं विहीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अजून ओला होता. थोरल्या आई म्हणाल्या की घरात एकदा राजा येऊन बसला की त्याला ऊठ कोण म्हणणार. आणि प्रत्येक पोराच्या तोंडात तो चमचा जाताना बघायला मिळत होतं, एवढं पुरे होतं. विचारलंही कुणी नव्हतं. मग त्या सुनेला म्हणाल्या, "तू कुणाचं तरी कानकोरणं नाही जपलंस गं. तू माझा जीव जपलास. मीच तुला सांगायला हवं होतं."

व्याही चूळ भरून आले तसे अजून उभेच होते. ते जाऊन आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. सत्तरीतला माणूस, टक्कल पडलेला, पोट सुटलेला; ओंजळीत मावला असेल असं कुणाला पटलं नसतं. पुढच्या वर्षीचं वाक्य त्यांनी राखून ठेवलं.

विहीणबाईंनी पदर सावरला. त्या उठल्या, सासूच्या हातातून चमचा घेतला आणि पुन्हा भिंगरावांपुढे धरला. यावेळी सभ्यता नव्हती, नुसता प्रश्न होता. "आता सांगा. किती जुना?"

भिंगरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान डोलावली.

"कानकोरणं म्हणून शंभर-सव्वाशे," भिंगराव म्हणाले. "चमचा म्हणून व्याह्यांच्या बरोबरीचा. काही दिवसांनी धाकटाच."

विहीणबाई आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग चमच्याकडे, आणि मग त्यांना हसू फुटलं. असं हसू त्या घरात त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. सभ्यता सगळी पाण्यात. म्हणाल्या की मग बरोबर आहे, दोघांनाही पुसूनपासून मीच तर ठेवते. लेकीने चमचा नेऊन उकळत्या पाण्यात घातला, आणि तिथे उभं राहून विहीणबाईंनी तो आणखी एकदा घालायला लावला. दुधात कुस्करलेल्या भाताची दोन शितं वाटीत बसली. बाळाने ती खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि आणखी मागितली. थोरल्या आईंनी आरामखुर्चीत ओठ हलवले. दोन शितांना दोन नावं लागली असणार.

निघायची वेळ झाली तेव्हा भिंगरावांची बायको हात जोडायला पुढे झाली, पण विहीणबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. लेकीची पिशवी त्यांनी स्वतः भरून आणली होती. महिना कशाला, दोन महिने ठेवून घ्या, म्हणाल्या. पोरीची झोप पुरी होऊ दे. फक्त एक अट. आमच्या घरातल्या एकाही वस्तूचं, आणि एकाही माणसाचं, वय तिकडे चर्चेला निघता कामा नये. भिंगरावांनी शब्द दिला. बसमध्ये बाळ त्यांच्या मांडीवर होतं, भिंगाची दोरी तोंडात घालून चघळत होतं, आणि ते खिडकीबाहेर बघत अगदी गप्प बसले होते. बायकोने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही, हिला खालचा पहिला दात येतोय, आठवड्यात दिसेल.

तर मंडळी, गोष्ट इथे संपली. राजा घरी गेला, सोनं पेटीत गेलं. तुम्ही आता उठाल, आपापल्या दिव्याखाली जाल. जाताना एवढंच करा. रोज हरिनाम घेत असाल तर घ्याच, पण त्यातलं एखादं त्या विशीतल्या पोरीच्या नावाने घ्या, जी परक्या घराच्या उंबऱ्यावर बसून, जिभेला रक्त आलेलं असताना, सासऱ्यांचं सोनं दगडावर घासत होती. तिला आठवणीत ठेवा.